'एएनए पॉझिटिव्ह' आल्यावर: मुलाच्या ऑटोइम्युन तपासण्यांचा रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, डॉक्टरांची वेळ परवाची मिळालेली असते आणि कागदावर 'एएनए पॉझिटिव्ह' (म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या) हे दोन शब्द ठळक छापलेले असतात. परवा उजाडेपर्यंत आईबाप 'ल्यूपस' (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा आजार) या विषयावर सापडेल ते सगळं वाचून काढतात आणि घरातली झोप उडते. पुढचा मजकूर त्या मधल्या वेळासाठी आहे: कुठला आकडा आधी बघायचा, कुठल्या आकड्यावर त्याच दिवशी हालायचं आणि कुठला खुशाल बाजूला ठेवायचा. निदान डॉक्टरच करतील, पण रिपोर्ट नीट वाचून गेलात तर दहा मिनिटांच्या भेटीत नेमकं विचारता येतं.

इथे भर सांधेदुखी, लांबलेला ताप, अंगावरचं पुरळ, थकवा अशा तक्रारींसाठी होणाऱ्या तपासण्यांवर आहे. म्हणजे डॉक्टरांच्या मनात मुलांचा संधिवात (जेआयए), ल्यूपस किंवा स्नायूंचा डर्माटोमायोसायटिस असतो तेव्हाच्या. थायरॉइड, सीलिअ‍ॅक आणि मधुमेहाबद्दल शेवटाकडे थोडक्यात आहे.

आकड्यांना हात लावण्याआधी

रिपोर्टच्या उजव्या कडेला छापलेली 'नॉर्मल रेंज' बहुतेकदा मोठ्या माणसांची असते. मुलांच्या रिपोर्टमधला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. अल्कलाइन फॉस्फटेजचंच बघा. मोठ्यांची वरची मर्यादा साधारण १२० असते, पण हाडं वाढणाऱ्या मुलात ३०० सुद्धा ठीक असतं. लॅब मात्र तिथे लाल अक्षरांत 'हाय' छापून मोकळी होते. क्रिएटिनिनचं याच्या उलट, आणि ते जास्त धोक्याचं. पाच वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असतं. ते ०.९ आलं तर मोठ्यांच्या रेंजमध्ये 'नॉर्मल' दिसेल, पण त्या मुलाच्या मूत्रपिंडांसाठी ते जवळपास दुप्पट आहे. लहान मुलांत, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत, पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट्सच जास्त असतात. त्यांच्यासमोर 'हाय' दिसलं तर घाबरू नका.

मग एकक बघा. सीआरपी (शरीरातली सूज, म्हणजे दाह, दाखवणारी तपासणी) काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या पद्धतीतले १२ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतले १.२. लॅब बदलली की 'सीआरपी दहापट वाढला' किंवा 'औषधाने एकदम उतरला' असं वाटतं ते यामुळे.

तिसरं, रक्त घेतलं तेव्हा काय चालू होतं ते रिपोर्टवरच पेनाने लिहून ठेवा: गेल्या महिन्यातला ताप किंवा घसा, डेंग्यू-चिकनगुनिया, टीबीची किंवा फिट्सची औषधं, स्टेरॉइड. आयव्हीआयजी दिलं असेल तर ते आवर्जून लिहा. ते हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडीजचं मिश्रण असतं. त्यानंतरच्या तपासणीत पॉझिटिव्ह दिसलेल्या अँटिबॉडी मुलाच्या नसून दात्यांच्या असू शकतात, आणि ईएसआर हा सुजेचा दुसरा आकडाही फुगलेला येतो. बिनलेबलच्या पुड्या चालू असतील तर तेही न लाजता सांगा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं आणि त्याने सगळं चित्र झाकलं जातं.

सुरुवात सीबीसीपासून

महागड्या अँटिबॉडी तपासण्यांआधी तीनेकशे रुपयांच्या सीबीसीकडे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीकडे, बघा. ती जास्त बोलते.

हिमोग्लोबिन दोन ते पाच वर्षांच्या मुलात ११ च्या खाली, पाच ते अकरा वर्षांत ११.५ च्या खाली आणि बारा ते चौदा वर्षांत १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. पण जुनाट सूज असली तरी हिमोग्लोबिन उतरतं, आणि ल्यूपसमध्ये लाल पेशी फुटूनही उतरू शकतं. पेशी फुटत असल्याची शंका असेल तर रेटिक्युलोसाइट काउंट आणि डायरेक्ट कूम्ब्स ही तपासणी सांगितली जाते.

पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर ल्यूपसचा विचार होतो. अर्थात व्हायरल तापानंतरही दोन्ही उतरतात, म्हणून एका सीबीसीवर काही ठरत नाही. उलट ज्या जेआयएमध्ये रोज ताप चढतो आणि अंगावर फिकट गुलाबी पुरळ येतं, त्या सिस्टेमिक प्रकारात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही चांगल्याच वाढतात. प्लेटलेट्स पाच-सहा लाख दिसल्या तर त्या सुजेचीच खूण असतात.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात ठेवा. सांधे दुखतायत, ईएसआर ८० आहे, म्हणजे अंगात भरपूर सूज आहे. अशा वेळी प्लेटलेट्स वाढायला हव्यात. त्या वाढण्याऐवजी दीड-दोन लाखांवर रेंगाळत असतील, पांढऱ्या पेशी कमी असतील आणि मूल रात्री हाडांच्या दुखण्याने उठून रडत असेल, तर संधिवाताआधी रक्ताचा कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं. एलडीएच (पेशी मोडल्या की वाढणारं एन्झाइम) फार वाढलेलं असेल तर आणखीच. प्लेटलेट्सचा आकडा एकटा बघितला तर 'नॉर्मल' असल्यामुळे ही जोडी नजरेतून सुटते. पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेलं रक्त) अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या आणि बोन मॅरोचा निर्णय होईपर्यंत स्टेरॉइड सुरू करू नये, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी काही काळ दबतात, मुलाला बरं वाटायला लागतं आणि निदान लांबतं.

प्लेटलेट्स अचानक ४०,००० आल्या, पण मूल खेळतंय, अंगावर एकही निळा-लाल डाग नाही? जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. स्मिअरवर पुंजके दिसतात. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा नमुना दिला की खरा आकडा कळतो.

ईएसआर, सीआरपी आणि फेरिटिन

ही तिन्ही सूज आहे की नाही एवढंच सांगतात, कशाची ते नाही. ईएसआर मुलांत साधारण २० च्या आत असावा. तो हळू चढतो आणि आठवडेच्या आठवडे चढलेलाच राहतो. नुसत्या अ‍ॅनिमियानेही वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन ८ असलेल्या मुलाच्या ३५ ईएसआरचा फार अर्थ लावू नये. सीआरपी सहा-आठ तासांत चढायला लागतो आणि कारण संपलं की झपाट्याने, साधारण दर १९ तासांना निम्मा होत, उतरतो.

दोघांमधली तफावत बघायला शिका. ईएसआर ९० आणि सीआरपी जवळपास नॉर्मल, हे ल्यूपसमध्ये नेहमी दिसतं. ल्यूपस असलेल्या मुलाचा सीआरपी एकाएकी खूप वाढला तर आधी जंतुसंसर्ग शोधतात. आणि दोन्ही अगदी नॉर्मल असले म्हणून जेआयए नाही असंही नाही. एक-दोन सांधे सुजलेल्या मुलांत रक्त पूर्ण स्वच्छ येऊ शकतं. तिथे डॉक्टरांच्या हाताला लागलेली गुडघ्याची सूज रिपोर्टपेक्षा वरचढ ठरते.

फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं, पण सुजेतही वाढतं. सिस्टेमिक जेआयए असलेल्या, ताप असलेल्या मुलात फेरिटिन ६८४ च्या वर गेलं की डॉक्टर आणखी चार आकडे शोधतात: प्लेटलेट्स १.८१ लाख किंवा कमी, एसजीओटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड्स १५६ च्या वर, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) ३६० किंवा कमी. यांपैकी कुठलेही दोन जुळले तर मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम धरतात. हा जिवावरचा प्रकार आहे. यातला सापळा असा की ईएसआर एकदम खाली येतो. ईएसआर वर राहतो तो मुख्यतः फायब्रिनोजेनमुळे, आणि इथे तेच संपत असतं. 'काल ९५ होता, आज २०, म्हणजे बरं वाटतंय' असं घरी म्हणत असताना मूल जास्त मलूल होत जातं. ताप कायम आहे, ईएसआर आणि प्लेटलेट्स दोन्ही घसरतायत, असं दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

लघवी, जिच्याकडे कुणी बघत नाही

रक्ताच्या तपासण्यांवर सहा हजार खर्च होतात आणि शंभर-दोनशे रुपयांची लघवीची तपासणी राहून जाते. ल्यूपस मूत्रपिंडांवर सुरुवातीला न दुखवता, न सांगता हल्ला करतो, आणि तो आधी दिसतो लघवीतच. सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी घ्या. दिवसभर उभं राहून, धावपळ करून काही मुलांच्या लघवीत थोडं प्रोटीन तसंही उतरतं. रुटीनमध्ये प्रोटीन 'प्लस' असेल तर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घ्यायचा. दोन वर्षांवरच्या मुलात तो ०.२ च्या आत हवा, आणि ०.५ च्या वर टिकून राहिला तर मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांपर्यंत प्रकरण जातं. लाल पेशी किंवा 'कास्ट्स' (मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार झालेले साचे) लिहिले असतील तर तो रिपोर्ट वरच ठेवा. तापात तपासलेली लघवी ताप गेल्यावर पुन्हा तपासा. मुलीची पाळी चालू असेल तर ती संपून दोन-तीन दिवस जाऊ द्या.

एएनए: घाबरवणारा आणि कमी सांगणारा

एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीज. तपासणीत रक्तातलं सीरम पातळ करत जातात आणि हेप-२ नावाच्या पेशींवर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक दिसते का ते बघतात. १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावरही चमक राहिली. पुढची पायरी १:१६०, मग १:३२०, मग १:६४०. याला टायटर म्हणतात; उजवीकडचा आकडा जितका मोठा तितक्या अँटिबॉडी जास्त. १:८० पाहून 'ऐंशीत एक' असं काही नाही.

निरोगी लोकांतही ही चमक सापडते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी प्रौढांपैकी सुमारे ३२ टक्के लोक १:४० ला, १३ टक्के १:८० ला, ५ टक्के १:१६० ला आणि ३ टक्के १:३२० ला पॉझिटिव्ह निघाले. काहीही आजार नसलेल्या मुलांतही कमी टायटरचा एएनए सर्रास दिसतो. व्हायरल ताप, टीबी, आयसोनियाझिड, फिट्सवरची काही औषधं यांनीही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. घरात कुणाला थायरॉइडचा ऑटोइम्युन आजार असेल तर मुलात आजाराशिवायच एएनए मिळण्याची शक्यता वाढते. पाय दुखतात म्हणून एएनए करणं हीच मुळात चूक असते. दिवसभर खेळून संध्याकाळी पोटऱ्या दुखणाऱ्या, सकाळी पुन्हा उड्या मारणाऱ्या मुलाला तो लागत नाही.

मग त्याचा उपयोग कुठे? एक, तो निगेटिव्ह आला तर ल्यूपसची शक्यता खूपच कमी होते. ल्यूपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए किमान १:८० असणं ही आत शिरण्याची पहिली अट आहे. ती पूर्ण झाली म्हणजे ल्यूपस ठरला असं नाही, त्यानंतर गुण मोजले जातात. दोन, जेआयएचं निदान आधीच झालं असेल तर एएनए डोळ्यांचा धोका सांगतो. सहा वर्षांपर्यंतच्या, थोडेच सांधे सुजलेल्या, एएनए पॉझिटिव्ह मुलात युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि नजर मात्र जाते. अशा मुलाचे डोळे पहिली चार वर्षं दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर तपासले पाहिजेत. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी इथे चालत नाही. एएनएच्या रिपोर्टवर पुढची कृती म्हणून काही खरोखर करण्यासारखं असेल तर ते हे.

पद्धत कोणती तेही बघा. 'आयएफए' किंवा 'इम्युनोफ्लुरोसन्स' (वर सांगितलेली चमक बघण्याची पद्धत) लिहिलेलं असेल तर उत्तम. एलायझामध्ये १:८० असं न येता १.८ सारखा इंडेक्स येतो. या दोघांची तुलना होत नाही, आणि शंका असेल तर आयएफएनेच पुन्हा बघायचं. पॅटर्नचं म्हणाल तर 'होमोजीनिअस' दिसला की डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) तपासतात, 'स्पेकल्ड' सगळ्यांत जास्त आढळतो आणि एकट्याने फारसं काही सांगत नाही. 'डेन्स फाइन स्पेकल्ड' एकटाच असेल तर बहुधा सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नाही, कारण तो निरोगी लोकांतच जास्त सापडतो.

एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करू नका. आजार वाढला-कमी झाला हे त्याच्या टायटरवरून कळत नाही.

डीएसडीएनए, ईएनए आणि कॉम्प्लिमेंट

डीएसडीएनए अँटिबॉडी स्पष्ट जास्त असेल तर ल्यूपसची शंका खरी ठरत जाते. ईएनए या गटातल्या स्मिथ अँटिबॉडीचंही तसंच, पण ती थोड्याच रुग्णांत असते. त्यामुळे ती नाही म्हणून ल्यूपस नाही असं नाही. काही लॅब 'एएनए प्रोफाइल' किंवा 'ब्लॉट' नावाने पंधरा-वीस अँटिबॉडींची पट्टी एकदम करतात. तिच्यावर एखाद्यासमोर फिकट 'प्लस' किंवा 'बॉर्डरलाइन' दिसतं. एवढ्या रेघा असल्या की एखादी उगाच उमटतेच. आयएफए निगेटिव्ह, मुलाला लक्षणं नाहीत आणि एक फिकट रेघ, यावर औषध सुरू होत नाही. अपवाद आहेत: रो आणि जो-१ या अँटिबॉडी आयएफए निगेटिव्ह असतानाही खऱ्या असू शकतात, म्हणून लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर मुद्दाम त्या मागवतात.

सी३ आणि सी४ ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं. इथे कमी असणं वाईट. ल्यूपस भडकला की ती खर्च होतात आणि बहुधा दोन्ही उतरतात. फक्त सी३ कमी, सी४ ठीक, लघवी चहासारखी आणि काही आठवड्यांपूर्वी घसा किंवा त्वचेवर फोड झालेले असतील, तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या संसर्गानंतरचा मूत्रपिंडदाह जास्त संभवतो. त्यात सी३ सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. म्हणून तेव्हाची पुनर्तपासणी टाळू नये. तोवरही सी३ खालीच असेल तर निदानाचा फेरविचार होतो.

आरए फॅक्टर, बी२७ आणि एएसओ

मुलांच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुतेकदा निगेटिव्हच असतो. जेआयएच्या साधारण पाच टक्के मुलांतच तो पॉझिटिव्ह येतो. 'आरए निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही' हे वाक्य मुलांना लागू नाही. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए. रक्ताचा एकही रिपोर्ट या व्याख्येत नाही. सहा आठवड्यांची अट आपल्याकडे फार कामाची आहे, कारण पावसाळ्यात चिकनगुनिया आणि इतर व्हायरल तापांनंतर सांधे काही आठवडे सुजतात, आणि त्या काळात आरए फॅक्टरही तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. तो खरा मानायचा तर किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा यावा लागतो.

एचएलए-बी२७ हे जनुक आहे, बदलत नाही. आयुष्यात एकदाच तपासायचं. सहा वर्षांवरच्या मुलग्यात टाच किंवा गुडघा सुजला असेल तर ते उपयोगी. निरोगी लोकांतही ते असतं.

एएसओवर मात्र जरा रेंगाळायला हवं. सांधे दुखतात, एएसओ ४०० आला, आणि मुलाला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन सुरू झालं, हे आपल्याकडे अजूनही घडतं. एएसओ एवढंच सांगतो की गेल्या काही महिन्यांत स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला. शाळेत जाणाऱ्या मुलांत तो २०० च्या वर असणं नवलाचं नाही. संधिवाती ताप (रुमॅटिक फीव्हर) ठरतो तो जोन्स निकषांवर: एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज, हृदयाचा दाह, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली वगैरे. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. एएसओ हा त्यातला फक्त आधारचा पुरावा. इंजेक्शन आधीच चालू असेल तर स्वतःहून थांबवू नका; ते कुठल्या निकषांवर सुरू केलं आणि इको काय सांगतो ते विचारा. खऱ्या संधिवाती तापात तेच इंजेक्शन हृदयाच्या झडपा वाचवतं.

बाकीच्या तपासण्या

मूल जिना चढताना दमतं, जमिनीवरून उठताना हात टेकतं, पापण्यांवर जांभळट छटा आहे, आणि एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले आहेत. यावर 'कावीळ' म्हणून लिव्हर टॉनिक सुरू होतं. हीच एन्झाइम्स स्नायूंतही असतात. सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) आणि जीजीटी (यकृताचं) करा. सीपीके वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर दोष यकृताचा नसून स्नायूंचा आहे. सीपीके नॉर्मल असूनही डर्माटोमायोसायटिस असू शकतो, हेही लक्षात असू द्या.

सीलिअ‍ॅकसाठी (गव्हामुळे आतड्यांना इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए करताना एकूण आयजीएसुद्धा करा. ते मुळातच कमी असलेल्या मुलात टीटीजी खोटा निगेटिव्ह येतो. आणि तपासणीआधी पोळी बंद करू नका. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरतात आणि निदान हुकतं. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल असेल तर सहसा औषध लागत नाही, टीएसएचवर लक्ष ठेवतात. मूल सारखं पाणी पितंय, अंथरूण ओलं करायला लागलंय आणि साखर २०० च्या वर आहे, तर मधुमेहाच्या जीएडी अँटिबॉडीच्या रिपोर्टसाठी थांबू नका. त्याच दिवशी इन्सुलिन मिळेल अशा ठिकाणी जा.

नोंद आणि पुनर्तपासणी

डॉक्टरांकडे तीस पानांची फाइल नेण्याऐवजी एका आडव्या कागदावर तारखा लिहा. खाली ओळीने हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, ईएसआर, सीआरपी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन. ल्यूपस असेल तर सी३, सी४ आणि डीएसडीएनए. शक्यतो लॅब तीच ठेवा, निदान डीएसडीएनएपुरती तरी. पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले असतात तेही त्याच कागदावर येऊ द्या.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू झालं तर सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन पहिल्या एक-दोन महिन्यांत, मग साधारण तीन-चार महिन्यांनी होतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. चुकून रोज दिली गेली तर तोंडात फोड येतात आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स कोसळतात. अशा मुलाच्या तोंडात फोड दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करा आणि डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या गोळ्या कुठल्या तारखांना दिल्या ते सांगता आलं तर फॉलिनिक अ‍ॅसिड (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) द्यायचं का आणि किती, हे त्यांना लगेच ठरवता येतं.